बेरियर सरांचं मौन

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात माणूस मेला की त्याला दोन मिनिटांचं मौन दोनदा मिळे. कधीकधी तीनदाही. यात मेलेल्याची थोरवी काही नसे. ही सगळी कृपा आमच्या लांजेवार सरांची.

आधी रीत सांगतो, म्हणजे सरांचा गुन्हा लक्षात येईल. आमच्याकडे सरणाला अग्नी दिला की लोक लगेच घरी फिरत नाहीत. वैनगंगेच्या घाटावर टिनाचं शेड आहे, तिथे सगळे बसतात आणि शोकसभा भरते. वॉर्डाचा मेंबर बोलतो, समाजाचा कोणी पुढारी बोलतो, एखाद्या जावयाला बळेच उभं करतात. सगळ्यांचं झालं की मौन पाळायचं, नदीवर हातपाय धुवायचे आणि घरची वाट धरायची. मौन शेवटी, यात वाद नाही. सर मात्र बोलणाऱ्याच्या अर्ध्या वाक्यात ताडकन उभे राहत आणि कवायत घेणाऱ्या मास्तरच्या आवाजात म्हणत, "दोन मिनिटं मौन. उभे राहा, डोळे मिटा, माना खाली."

मौन म्हटल्यावर बसून राहायची छाती कोणाची होणार? लोक गुडघे धरत, चपला शोधत उठायचे.

एकदा आमच्या मेंबरनं एका म्हाताऱ्याला श्रद्धांजली वाहताना सवयीच्या ओघात म्हटलं, "मैं उनके उज्ज्वल भविष्य की कामना करता हूँ." बोलून गेला आणि मग त्याचं त्यालाच ऐकू आलं. तोंड उघडंच राहिलं, कान लाल झाले. मागच्या रांगेत दोघाचौघांची पोटं हलायला लागली. तेवढ्यात सरांनी मौन पुकारलं. लोकांनी डोळे उघडले तोवर मेंबर घाम पुसून ताळ्यावर आला होता, आणि सगळे चिडले होते ते सरांवर. "इस मास्टर को कुछ समझता नहीं," असं परतताना तो मेंबरच मला सांगत होता.

मी गणिताचा मास्तर. घड्याळ पाहायची मला खोड आहे. सरांची दोन मिनिटं कधी पाऊण मिनिटात आटपायची, कधी चुलीवरचा चहा आटून जाईल इतकी लांबायची. मी शेजारून कुजबुजायचो, "सर, दोन मिनिटं कवाचेच झाले." सर एक डोळा किलकिला करून बोलणाऱ्याकडे बघत आणि म्हणत, "नाही झाले अजून."

आम्ही एकाच सरकारी शाळेत होतो. ते इंग्रजी शिकवत, मी गणित. घरंही लागून, मधली भिंत एक. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "काय गणित, चहा पेतं का?" असं भिंतीवरून विचारत. अंगानं उंच, पाठीत थोडे वाकलेले. रिटायर झाल्यावरही शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा असायचा. बायको शर्ट धुताना काढून ठेवी आणि हे पुन्हा भरत.

गाव त्यांना बेरियर सर म्हणे. त्याचं कारण एक इंग्रजी शब्द.

सर अकरावीच्या पोरांना दरवर्षी 'एम्बॅरेस' हा शब्द शिकवत. अभ्यासक्रमात तो असो वा नसो. शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे सुरुवात हिंदीत होई. मग रंगात आले की सर मराठीत घसरत आणि पोरं समजून घेत. "या शब्दाच्या पोटात पाहा काय हाये. बेरियर. इंग्रजाईनं हा शब्द फ्रान्सवाल्याईकडून उचलला, अन् तिथं त्याचा अर्थ पहिले लाज नव्हताच. रस्ता अडणे. लाकूड आडवं पडलं, गाडी पुढं बी नाही जाऊन राह्यली अन् मागं बी नाही हटून राह्यली. येवढाच अर्थ. लाज त्याच्यात मागून येऊन बसली."

एवढ्यावर थांबले तर ते लांजेवार सर कसले. ते पोरांना सायकलवरून बैहर रोडवरच्या वन नाक्यावर न्यायचे. मलाजखंडकडून, बिरसाकडून येणाऱ्या गाड्या तिथे थांबतात, लाकडाची तपासणी होते. रस्त्यावर एक लांब बल्ली, म्हणजे लाकडाचा दांडा, आडवी असते. तिच्या आखूड टोकाला मोठा दगड बांधलेला, लांब टोकाला दोर. नाकेदार दोर ओढून खुंटीला बांधतो तेव्हा बल्ली खाली येते. दोर सोडला की दगडाच्या वजनानं ती आपोआप वर जाते. नाकेदार सरांना बघून दुरूनच हात जोडी. "आ गए सर, अंगरेजी ले के?"

"पाहून घ्या," सर पोरांना सांगत. "मोठेमोठे विद्वान भांडून राह्यले का या शब्दाच्या मुळाशी दांडा हाये का दोर हाये. कोणी म्हणते इटलीकडचा दांडा. कोणी म्हणते नाही, पोर्तुगालचा दोर. अन् आपल्या नाक्यावर दोन्ही हायेत. त्याईले कोणी बालाघाटले आणलंच नाही."

मला वाटे, पोरांच्या परीक्षेत याचे गुण किती? एकदा विचारलंही. सर म्हणाले, "तुह्या पायथागोरसले तरी कोण वापरते बाजारात?" आणि आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

या शब्दाचं त्यांना वेडच होतं म्हणा ना. एका दुपारी मी जेवत असताना सर चप्पल न घालता आमच्या घरी आले. कुठेतरी वाचून आले होते. "गणित, स्पेनमधी हाच शब्द पोटुशी बाईले लावतात."

"बरं मग?"

"बरं मग काय? आपण काय म्हणतो अशा बाईले? अवघडलेली. अन् चारचौघात उभं केलं का माणसाचं काय होते? अवघडते. मधात येवढा समुंदर, अन् अक्कल एकच."

माझी बायको वाढता वाढता थांबली आणि हसू दाबत आत गेली. सर मात्र घरात नातू झाल्यासारखे खूश. साखर मागून घेतली आणि खाल्ली.

पण खरा त्यांचा सिद्धान्त वेगळाच होता, आणि तो त्यांनी मला एका फजितीनंतर सांगितला. फजिती माझी. शाळेचं गॅदरिंग होतं आणि आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. मी उभा राहिलो, "आजचे प्रमुख अतिथी आदरणीय" इथवर आलो, आणि अतिथीचं नाव डोक्यातून उडालं. अतिथी माझ्याकडे हसून बघतोय. त्याचं हसू हळूहळू कमी होतंय. हेडमास्तर, पालक, पोरं, सगळा मंडप माझ्या तोंडाकडे. तेवढ्यात धाडकन आवाज झाला. स्टेजवर बसलेले लांजेवार सर खुर्चीसकट मागे पडले होते. एकच धावपळ. कोणी पाणी आणलं, कोणी खुर्ची उचलली. या गडबडीत मी टेबलावरची पत्रिका उलटी करून नाव वाचून घेतलं.

नंतर मी विचारलं, "सर, लागलं का?"

"कमरेले लागलं. नाव सापडलं?"

"तुम्ही मुद्दाम पडले?"

"हे पाय गणित," सर कमर चोळत म्हणाले, "बेरियरचा दांडा कोणी उचलत नसते. दोर सोडा लागते, दांडा आपल्या मनानं वर जाते. अन् दोर कोणाच्या हातात असते? पाहणाऱ्याच्या. टक लावून पाहून राह्यलेला एकेक माणूस दोर धरून असते. मी पडलो, त्याईनं दोर सोडला. झालं."

"पण मी काही गुन्हा केला नव्हता. नावच इसरलो होतो."

"तेच तं. लाजेले गुन्हा लागते. या अवघडण्याले काहीच नाही लागत. याले फक्त पाहणारे लागतात."

मी आभार मानले नाहीत. पोरं पुढे दोन वर्षं सरांच्या पडण्याची नक्कल करत होती आणि माझ्या विसरण्याची कोणाला आठवण नव्हती, ही गोष्ट खरी. तरी शिकल्यासवरल्या माणसानं असं खुर्चीवरून पडावं हे मला काही पटलं नाही. मी त्यांना तसं सांगितलंही.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं. सरांची बायको म्हणजे शांत बाई. गोऱ्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू. मूलबाळ नाही. आपण गेलो की "या," "बसा," "चहा?" एवढंच बोलत, पण हसून. कामाला बसल्या की भजनं गात, आणि भिंतीपलीकडून तो आवाज इतका मोकळा, स्वच्छ येई की मी वह्या तपासायचं थांबवून ऐकत बसे. संध्याकाळी दोघं नवराबायको ओट्यावर बसून हळू आवाजात बोलत. शब्द कळत नसत, पण वहिनी बराच वेळ बोलत असत हे कळे. म्हणजे बाईला बोलता येत होतं, बाहेरच्यांशी बोलायची हौस नव्हती, असा आमचा समज.

सगळ्या मोहल्ल्याला वहिनींची दया येई. सोन्यासारखी बाई आणि नवरा असा येडपट, हे माझ्या बायकोचं नेहमीचं वाक्य. त्याला आधारही होता. एकदा मतदार यादीवाली मुलगी दारोदार फिरत होती. वहिनी दारात उभ्या. तिनं विचारलं, "माताजी, आपका नाम?" वहिनींनी तोंड उघडलं तोच आतून सर आले. कमरेला टॉवेल, तोंडाला साबण. "थांबा बाई, हिचं नाव मी सांगतो," म्हणाले आणि डोकं खाजवायला लागले. "काय होतं बाप्पा हिचं नाव... आत्ता तं मालूम होतं..." ती मुलगी हसून हसून लाल. शेजारपाजार गोळा झाला. शेवटी सर आत जाऊन वहिनींचं कार्ड घेऊन आले. बायकोचं नाव विसरलेला माणूस म्हणून सर महिनाभर पानठेल्यावर गाजत होते. मीही तो किस्सा चांगला रंगवून सांगत असे.

दुसरा प्रकार तर आमच्याच घरी घडला. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायकांनी वहिनींना धरलं, नाव घ्या, नाव घ्या. वहिनी उठल्या. त्यांचे ओठ हलले न हलले तोच दारातून सर थेट बायकांच्या घोळक्यात. "माहा चष्मा कोणी पाह्यला का?" चष्मा नाकावर. बायका इतक्या हसल्या की उखाणा राहून गेला. माझी बायको मात्र हसली नाही. पुरुषमाणसाला बायकांत यायचं कळू नये का, म्हणून ती संक्रांत ते होळी सरांशी बोलली नाही.

फोन वाजला की सर धावत. दुकानात वहिनी मागे, सर पुढे, आणि सामान सरच सांगणार, तेही चुकीचं. वहिनी हातानं खूण करून दुरुस्त करत. आम्ही म्हणायचो, बाईला एक शब्द बोलू देत नाही हा माणूस.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही दोघं एका मयतीहून परतत होतो. नदीत पाय धूत सर म्हणाले, "गणित, माह्या शोकसभेत मौन तू घेजो."

"घेईन. घड्याळ लावून बरोब्बर दोन मिनिटं."

"घड्याळाकडं पाहू नोको. कोणी अडकलं तं दोर सोडजो."

"कोण अडकते? तुमच्यावर बोलाले कोणी उभं तं राह्यलं पाह्यजे."

सर हसले. पाय पुसत म्हणाले, "राहील एखादं."

"अन् मले नाही जमत हे तमाशे. मी सरळ माणूस."

"म्हणूनच तुले सांगून राह्यलो," सर म्हणाले. "माहं पडणं आता जुनं झालं. सरळ माणूस पडला का लोकं हमखास पाहतात." मी विषय बदलला. त्यांनी पुन्हा काढला नाही, पण घरी येईपर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. एरवी ते तसं करत नसत.

माघात सर गेले. सकाळी उठलेच नाहीत.

घाटावर एवढी माणसं मी आमच्या आमदाराच्या मयतीलाही पाहिली नव्हती. मलाजखंडच्या खाणीतले जुने विद्यार्थी आले, तिरोडीहून आले, तो नाकेदार आला. वहिनींनी घाटावर यायचा हट्ट धरला, म्हणून मोहल्ल्यातल्या बायकाही आल्या. पुतण्यानं अग्नी दिला. शेडमध्ये सभा भरली. मेंबर बोलला, विद्यार्थी बोलले. कोणी बेरियरची गोष्ट सांगितली, कोणी खुर्चीची, आणि कोणी तरी टॉवेल आणि साबणाचीही सांगितली. लोक रडता रडता हसत होते. सगळ्यांचं झालं. मी मौनासाठी उठणार, तोच बायकांच्या बाजूनं वहिनी उभ्या राहिल्या.

लोक सरकून बसले.

"माहं नाव," वहिनी म्हणाल्या आणि थांबल्या. "प्र..."

पुढचं अक्षर येईना. ओठ आवळले गेले, गळ्याची शीर ताठ झाली. "प्र... प्र..." श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच. लोकांना आधी वाटलं, रडू येतंय. पण डोळे कोरडे होते. जीभ अडली होती. ती नेहमीच अडत असली पाहिजे, हे त्या ओठांकडे पाहून कोणालाही कळलं असतं. आम्हाला इतक्या वर्षांत पाहायलाच मिळालं नव्हतं. शेडमधला एकेक माणूस टक लावून बघत होता. एका पोरानं मोबाइल वर धरला. वहिनींनी मान वळवून एका बाजूला पाहिलं, जसं कोणी आतून येणारच आहे. आणि तिकडून कोणी आलं नाही.

गणितात कधीकधी उत्तर आधी दिसतं आणि मग वरच्या पायऱ्या आपोआप उलगडतात. तोंडाचा साबण, नाकावरचा चष्मा, विसरलेलं नाव, चुकीचं सामान. मेंबरसाठी सरांनी मौन पुकारलं, माझ्यासाठी पडले, ते खरंच. पण पडायला शिकले होते ते घरी. 'राहील एखादं' म्हणाले होते नदीवर.

मी उठलो आणि नको तेवढ्या मोठ्यानं ओरडलो, "दोन मिनिटं मौन. उभे राहा, डोळे मिटा, माना खाली."

"काका," पुतण्या दबक्या आवाजात म्हणाला, "काकू बोलून राह्यल्या ना."

"मालूम हाये. डोळे मिट."

"मास्टर की बीमारी इसको भी लग गई," मेंबर पुटपुटला, पण उभा राहिला. सगळेच राहिले. मोबाइलवाल्या पोराला मी म्हटलं, "तो बी डोळा मिट." त्यानं मोबाइल खिशात घातला. मग मी माझे डोळे मिटले.

नदीचा आवाज येत होता. पलीकडे लाकडं तडतडत होती. बराच वेळ दुसरं काही नाही. मग अंधारातून चालत आल्यासारखा वहिनींचा आवाज आला.

"माहं नाव प्रमिला." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "हे त्याईले... चांगलं मालूम होतं."

मग पुढचा शब्द निघाला.

"चष्मा... नाकावर हाये, हे बी मालूम होतं."

बायकांच्या बाजूला कोणीतरी हुंदका दिला. तो माझ्या बायकोचा होता, हे मी डोळे न उघडता सांगू शकतो.

"लग्नात मले... नाव घ्याले लावलं. मी अडकली. तं हे... मांडवाचा खांब धरून... पडले. अर्धा मांडव... खाली आला." वहिनींना तेवढ्यात थोडं हसू आलं असावं, आवाजात ऐकू आलं. "तवापासून हे... पडूनच राह्यले."

त्या पुढेही बोलत राहिल्या. एकेका शब्दाशी अडत होत्या, थांबत होत्या आणि पुन्हा निघत होत्या, आणि घाटभर माणसं माना खाली घालून उभी होती. सरांना रात्री पाठदुखी असायची, ते सांगितलं. खडू सांगितला. ओट्यावर बसून ते रोज त्यांच्याकडून काय काय ऐकून घेत ते सांगितलं. मधेच एका शब्दाशी त्या फार वेळ अडल्या. माझ्या शेजारी उभा असलेला नाकेदार पायावरचा भार बदलत कुजबुजला, "सर, दो मिनिट तो कब के हो गए."

घड्याळ माझ्या मनगटावरच होतं. मी डोळे उघडले नाहीत.

"नाही झाले अजून," मी म्हटलं.